काचबिंदू डोळ्यात, मग एमआरआय डोक्याचा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशकात हे बहुतेक वेळा निफाड-दिंडोरीकडून आलेल्या आजोबांचा मुलगा विचारतो, हातात तपासणीचा कागद धरून. रास्त आहे. नेहमीच्या काचबिंदूच्या निदानाला एमआरआय लागत नाही. डोळ्याचा दाब, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन), फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) आणि डॉक्टरांनी डोळ्याची नस बघणं एवढं पुरतं. फील्डमधला काळा भाग बरोब्बर मधल्या उभ्या रेषेवर थांबला, नस खोलगट होण्यापेक्षा फिकट जास्त दिसली, किंवा दाब काबूत असून नजर झपाट्याने गेली, तर मात्र आत एखादी गाठ नस दाबत नाही ना, हे बघावं लागतं.

संशोधनातलं स्कॅनिंग वेगळं. काचबिंदूचा परिणाम मेंदूत कुठवर जातो, हे त्यात बघतात. डोळ्याची नस म्हणजे पडद्यातून निघालेल्या 10 ते 12 लाख तंतूंची जुडी. मेंदूच्या तळाशी तिला आपल्या नाशकातल्या द्वारका चौकासारखा चौक लागतो, ऑप्टिक कायझम: नाकाकडच्या अर्ध्या पडद्याचे तंतू पलीकडे वळतात, कानाकडचे आपल्याच बाजूने पुढे जातात. मग मेंदूतला सहा थरांचा एलजीएन नावाचा पेशींचा पुंजका, हा थांबा. तिथे गाडी बदलायची आणि ऑप्टिक रेडिएशन या पुढच्या तंतूंच्या पट्ट्याने मेंदूच्या पार मागे पोचायचं. काचबिंदूत डोळ्याकडचे तंतू मेले की थांब्यावरच्या पेशीही आक्रसतात.

हे जिवंत माणसात मोजायचं ते पाण्याच्या हालचालीवरून, डिफ्यूजन एमआरआयने. धडधाकट तंतूंत पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी. तंतू विरळ झाले की एफए (पाणी किती एकाच दिशेने सरकतं त्याचा आकडा) घटतो, एमडी (पाणी सरासरी किती सरकतं तो आकडा) वाढतो. पाण्याची हालचाल मोजायच्या 6 दिशा गणिताला पुरतात, पण भरवशासाठी 30 तरी घ्याव्यात. बी-व्हॅल्यू, म्हणजे पाण्याच्या हालचालीला स्कॅन किती संवेदनशील ठेवायचा ते, 1000च्या आसपास.

गोम पुढेच आहे. नस जेमतेम 3-4 मिमी जाड आणि व्हॉक्सेल, म्हणजे प्रतिमेचा सगळ्यात लहान ठोकळा, 2 मिमीचा. भोवती चरबी आणि द्रव, शेजारी सायनसमधली हवा, त्यात डोळा स्थिर राहत नाही. द्रवाची भेसळ झाली तरी एफए पडतो आणि तो रोगाच्या खात्यात जमा होतो. म्हणून नुसत्या नसेच्या आकड्यावर आमचा फार विश्वास नाही. ऑप्टिक रेडिएशनचा आकडा त्यामानाने बरा. वयानेही एफए उतरतो, तेव्हा सत्तरीच्या रुग्णाशेजारी तिशीतला विद्यार्थी ठेवून चालत नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते रक्तावरून टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, चमकणाऱ्या चौकटी दाखवतात. रक्ताचा प्रतिसाद 5-6 सेकंदांनी टोकाला जातो. मोतीबिंदू असेल तर त्यानेही तो कमी भरतो, आणि दोष काचबिंदूवर येतो.

यायच्या आधी एवढं करा. सातपूर-अंबडला ग्राइंडिंग-वेल्डिंग केलं असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर स्कॅनच्या आधीच सांगा. गरज पडल्यास आधी एक्स-रे काढतात, कारण तेवढा कणही चुंबकात सरकू शकतो. काचबिंदूच्या ऑपरेशनमध्ये नळी बसवली असेल तर तिचं कार्ड आणा. आणि काजळ, मस्करा घरीच पुसा. त्यात लोहाचे कण असले तर नेमकी डोळ्याभोवतीचीच प्रतिमा वाकडी येते.