आमची वाटचाल : तान्ह्या बाळासकट, आजी-आजोबांसकट

आमचं ऑफिस नाशिकला, गंगापूर रोडला. पाटीवर आज टूर्स अँड ट्रॅव्हल्स लिहिलंय, पण सुरुवात वडिलांनी रेल्वेची आणि प्रायव्हेट बसची तिकिटं काढून देणाऱ्या छोट्याशा गाळ्यातनं केली. मग अष्टविनायक, मग चारधाम, मग दिवाळीच्या सुट्टीत केरळ. २०१५ च्या सिंहस्थात बाहेरगावच्या भाविकांच्या राहण्याजेवणाची सोय केली, त्यात चार पैसे सुटले आणि मी परदेशाचं काम सुरू करायचं डोक्यात घेतलं. वडील नाही म्हणाले नाहीत, पण खूशही नव्हते. म्हणाले, त्र्यंबकला माणूस हरवला तर शोधून आणता येतो, सिंगापूरला कोण जाणार शोधायला?

मोठ्या कंपन्यांपुढे आमचा टिकाव लागणार नाही हे पहिल्याच सीझनला कळलं. त्यांचे रेट आम्हाला परवडत नाहीत, चाळीस लोकांचा ग्रुप आमच्याकडे जमत नाही. आमच्याकडे यायला लागले ते चाळीसच्या ग्रुपमध्ये न बसणारे, म्हणजे दहा महिन्यांचं बाळ, त्याचे आईबाबा, आणि सोबत गुडघे दुखणारी आजी नि शुगरवाले आजोबा. बाळ म्हटलं की ग्रुपमधले बाकीचे नाक मुरडतात, आजोबा वॉशरूमला गेले की सगळी बस खोळंबते, मग सून कानकोंडी होते. मी सौ.ला म्हटलं, हेच आपलं गिऱ्हाईक.

सुरुवातीच्या फॅमिल्यांमधले एक काका अजून डोळ्यांसमोर आहेत. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधनं रिटायर झालेले. देशभरातले पासपोर्ट तिथे छापले जातात, पण काकांनी स्वतःचा काढला तो रिटायर झाल्यावर, नातीबरोबर सिंगापूरला जायचं म्हणून. हातात आल्यावर त्यांनी आधी नाव बघितलं नाही, कागद उजेडाला धरून बघितला, अंगठ्यानं शिलाई दाबून बघितली आणि मग खिशात ठेवला.

त्या ट्रिपचा प्लॅन मुंबईच्या सप्लायरकडनं आला तो नेहमीचा, सकाळी आठला पिकअप, सिटी टूर, दुपारी सेंटोसा बेट, एक रात्र नाइट सफारी म्हणजे तिथलं रात्रीचं प्राणिसंग्रहालय. मी तो तसाच प्रिंट काढणार होतो, पण सौ.नी बाळाच्या आईला फोन लावला आणि बाळ झोपतं किती वाजता, उठतं किती वाजता, दुपारची झोप किती, काका गोळी कधी घेतात असं सगळं वहीत लिहून घेतलं. आता यातली गंमत अशी की सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे सकाळी आठचा पिकअप हा बाळासाठी पहाटेचे साडेपाच! आणि नाइट सफारी, जी मी बाळ आहे म्हणून काढून टाकायला निघालो होतो, ती सव्वासातला उघडते, म्हणजे बाळाची संध्याकाळची पावणेपाच, ऐन खेळायची वेळ. शिवाय तिथे ट्राम आहे, काकांना चालायला नको. तर आम्ही सकाळ मोकळी सोडली, सफारी ठेवली. सप्लायर म्हणाला असं कुणी करत नाही. म्हटलं आम्ही करतो.

दुबईला बरोब्बर उलटं, ती दीड तास मागे. इथे साडेसहाला उठणारं पोरगं तिथे पाचलाच टक्क जागं, आणि संध्याकाळी सातला डोळे चोळायला लागतं. पहाटे पाचला सोमेश्वरकडे फिरायला जाणारे आजोबा तर साडेतीनला उठून बसतात आणि चहा कुठे मिळेल विचारतात. म्हणून दुबईला आम्ही किचन असलेलं हॉटेल अपार्टमेंट बघतो, चहाही होतो आणि बाळाची खिमटीही. संध्याकाळची डेझर्ट सफारी बाळ असलं की आम्ही शक्यतो घालतच नाही. कुणी हट्टच केला तर वाळूच्या टेकड्यांवर गाडी उडवतात ते सोडून साध्या रस्त्यानं थेट कॅम्पपर्यंत वेगळी गाडी. त्या उड्या बाळाच्या मानेला नकोत आणि आजीच्या मणक्यालाही नकोत. गाडीत बेबी सीट आधीच सांगून ठेवायची, चार वर्षांखालच्या मुलांना तिथे कायद्यानंच लागते, आणि आपल्याकडे आईच्या मांडीवर बसवून न्यायची सवय असल्यामुळे हे दरवेळी नव्यानं समजावून सांगावं लागतं.

आमचं आजचं काम म्हणजे हेच. आधी झोप, जेवण आणि गोळ्या मांडायच्या, मग उरलेल्या फटींत ठिकाणं बसवायची. दिवसाला एकच मोठं ठिकाण. लोक पहिल्यांदा विचारतात, एवढ्या पैशात एवढंच? काही जण उठूनही जातात, जाऊ दे. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांना युंगफ्राउयोखचं फार वेड असतं, ते डोंगरावरचं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६. एवढ्या उंचीवर हवा विरळ, तान्हं बाळ आणि दमेकरी आजोबा यांना आम्ही खालच्या तळ्याकाठीच ठेवतो, तरुण मंडळींनी वर जाऊन यावं. यावर एका मुलानं माझ्याशी भांडण केलं होतं, पण त्याच्या वडिलांनीच हळूच हात दाबून थँक्यू म्हटलं.

कागदपत्रांत मात्र ठिकाणांपेक्षा जास्त वेळ जातो. आपल्याकडे जन्माची नोंद हॉस्पिटलमधनं होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, म्हणून आधी महापालिकेत नाव घालून घ्या, मगच अपॉइंटमेंट घ्या. आईबाबा दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी म्हणजे संमतीपत्र लागतं. चार वर्षांखालच्या बाळाचा फोटो आपणच न्यायचा, पांढऱ्या बॅकग्राउंडचा, आणि तो काढताना फोटोग्राफर, आई, आजी असे तिघं खुळखुळा वाजवत उभे असतात. आजींचं वेगळंच दुखणं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात नाव बदललेलं, आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. त्यांच्या कागदांना आम्ही सहा महिने आधीच हात घालतो.

व्हीलचेअर हा आणखी एक विषय. एअरपोर्टवरचं चालणं आजोबांना झेपत नाही, बहुतेक एअरलाइन्स फुकट देतात, फक्त आधी कळवावं लागतं. पण आजोबा काय म्हणतात, मी काय पांगळा आहे? मग सौ. सांगते, काका, व्हीलचेअर घेतली की सिक्युरिटीला लांब रांगेत ताटकळावं लागत नाही, बरोबरच्यांचंही काम लवकर होतं. लगेच तयार! विमानात बाळाच्या पाळण्याचंही तसंच, ती बेसिनेट फक्त पुढच्या भिंतीजवळच्या सीटला लागते, मोजक्याच असतात, वजनाची मर्यादा असते, म्हणून तिकीट काढतानाच मागायची. उतरताना बाळाला दूध पाजायचं, कान कमी दुखतात.

२३ मार्च २०२० ला आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली ती नियमित सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. ऑफिसचं भाडं, एका एअरलाइनकडे अडकलेले लोकांचे पैसे, त्यात वडील आजारी, त्यावर जास्त लिहीत नाही. त्या काळात सौ.नी नागलीचं सत्त्व, मेतकूट, भाजणी, कोरडे लाडू असं करून विकायला सुरुवात केली, त्यावर घर चाललं. विमानं सुरू झाली तेव्हा तीच पाकिटं आम्ही ट्रिपच्या किटमध्ये टाकायला लागलो. गरम पाणी मिळालं की बाळाचं जेवण तयार, आणि आजोबांना मऊ भात-मेतकूट मिळालं की परदेश आवडायला लागतो.

सामानाची तपासणी मात्र आम्ही आमच्याच ऑफिसात करतो. दुबईला खसखस चालत नाही, अगदी कडक कायदा आहे, आणि आपल्या आज्यांचा पहिला आग्रह अनारशांचा! एका आजींनी डबा उघडून दाखवला, सुंदर जाळीदार अनारसे, वर खसखस लावलेली. त्या म्हणाल्या मी वरची झटकून देते. म्हटलं आजी, एक दाणाही नको. गोडा मसाल्यातही खसखस असते, तोही काढला. सुकं खोबरं विमानात चालत नाही. गोळ्या आठवड्याच्या डबीत सुट्या भरायच्या नाहीत, मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. इन्शुरन्स काढताना बीपी-शुगर लपवायची नाही, लपवली तर क्लेम मिळायची मारामार. अनारसे शेवटी आमच्या स्टाफनं खाल्ले.

२०२३ च्या शेवटी थायलंड आणि मलेशियानं आपल्या लोकांना व्हिसा माफ केला तेव्हापासून फोन वाढलेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे मुंबईच्या एअरपोर्टला जाताना कसारा घाटात पोर उलट्या करतंय आणि फ्लाइटची वेळ गाठायचीय हा ताण कमी झाला, तरी आमणेच्या पुढचं ट्रॅफिक आहेच, आम्ही निघायची वेळ काही फार उशिरा करत नाही. ऑफिसात आता माझी पुतणीही बसते, व्हिसाचं सगळं तीच बघते, आणि वडील दुपारी येऊन आजोबा मंडळींशी गप्पा मारतात, बुकिंग निम्मं तिथेच होतं.

सध्या दिवाळीची बुकिंग चालू आहेत. बाळ दोन वर्षांचं होत आलं असेल तर जन्मतारीख पहिल्याच फोनला सांगा, कारण दोन वर्षांखाली ते मांडीवर कमी पैशात जातं, पण वाढदिवस ट्रिपच्या मध्येच आला तर परतीला त्याला स्वतःची सीट लागते. आत्ताच एक फॅमिली अशी आहे, तारीख पुढेमागे करा म्हटलं तर आजींनी ऐकलं नाही, म्हणाल्या सीटचे पैसे मी देते, वाढदिवस सिंगापूरलाच करायचा. केक सांगून ठेवलाय, बिनअंड्याचा.