शुक्रवारची लाल पेटी

भोसरीतल्या एका सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग बनतात तिथे, मी क्वालिटीला आहे. सहा वर्षं एकच काम: मापाचं गेज लावा, पास की फेल लिहा, फेल झालेला जॉब, म्हणजे बनलेला भाग, लाल पेटीत टाका. गेल्या वर्षी तर बायोडेटासुद्धा तयार करून ठेवला होता. अशातच शुक्रवारच्या रिजेक्शनवरून प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सची नेहमीची जुंपली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, हे मी बघतो."

रजिस्टरात प्रत्येक फेल जॉबपुढे पेन्सिलीने वेळ लिहायला लागलो. तीन आठवड्यांत कळलं, की गुरुवारच्या सुट्टीनंतर सकाळी सात ते आठमध्येच बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, मोठा येतो. ड्रॉइंगवर माप 52 एच7, म्हणजे 52 मिलिमीटरच्या वर मुभा फक्त 30 मायक्रॉनची (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). ऑपरेटर मामा म्हणाले, "अहो, मशीन थंड असतं. तापलं की येतं लायनीवर." मशीनमध्ये हत्यार सरकवणारा पोलादाचा स्क्रू असतो; मीटरभर लांबीचा असला तर तापमानाच्या एका अंशाला 11-12 मायक्रॉन वाढतो. बुधवारी रात्री तापल्या मशीनवर लावलेला ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) शुक्रवारी गार मशीनला कसा चालणार? मामांना हे आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

उपाय सोपा: पहिला जॉब लावण्याआधी वीस मिनिटं मशीन रिकामं फिरवायचं. त्यासाठी फॉर्म, 'प्रक्रिया बदल विनंती'. सह्या चार. तीन दोन दिवसांत मिळाल्या.

चौथे साहेब म्हणाले, "रिकामं मशीन फिरवायचं? लाइटबिल कोण भरणार?" म्हटलं, सर, पेटीतला माल बघा. "ठेवून जा." ठेवला. पाच दिवसांनी गेलो तर कागद त्यांच्या डब्याखाली, कोपऱ्यावर आमटीचा डाग. नवा फॉर्म भरला, तिन्ही सह्या परत गोळा केल्या. मग ते ऑडिटमध्ये. मग रजेवर. मग "मेल करा." मेल केला तर "हार्ड कॉपी कुठेय?" आणि दर शुक्रवारी मी त्याच पेटीत त्याच चुकीचे जॉब टाकत होतो. पूर्वी टाकताना काही वाटायचं नाही, आता पोटात ढवळायचं. बायोडेटा मात्र त्या काळात एकदाही उघडला नाही, हे नंतर लक्षात आलं.

एक राहिलंच: असा फॉर्म कधी भरलात, तर पेटीतला माल किती रुपयांचा याचा हिशेब पहिल्याच दिवशी करून ठेवा. मी फक्त मायक्रॉन सांगत बसलो होतो आणि समोरच्याला रुपये कळत होते.

शेवटी सुपरवायझरने वाट दाखवली. 'बदल' लिहू नकोस, 'चाचणी' लिही. चाचणीला त्याची एकट्याची सही पुरते. पुढच्या शुक्रवारी मामा पावणेसातलाच आले, चहा होईपर्यंत मशीन फिरवलं. आठ वाजता पेटीत डोकावलो. तळ दिसत होता. उगाच दोनदा बघून आलो.

चाचणी अजून चालू आहे. फॉर्म मागच्या महिन्यात परत आला, चौथ्या सहीच्या जागी शेरा: 'बदलाचे कारण स्पष्ट करावे.'