नानकटाईचा हिशेब

फराळातलं जवळजवळ सगळं कढईत होतं. चकली, करंजी, शेव, अनारसे तळणीतले. लाडू आणि चिवडा परतण्यातले. नानकटाई तेवढी भाजायची, आणि घरात ओव्हन नव्हते तोवर त्यासाठी ती घराबाहेर जायची.

ठाण्यात नौपाडा-चरईकडे वाढलेल्या माणसाला ती रांग आठवत असेल. वसुबारसेच्या आधी बेकरीसमोर बायका आणि पोरं उभी. हातात फडक्याने बांधलेलं पिठाचं पातेलं, काखेत तेलाचा रिकामा, धुऊन वाळवलेला पत्र्याचा डबा. वेळ दुपारची, कारण पाव निघाल्यावर भट्टीचा ताव उतरतो आणि नानकटाईला ती उतरती आचच मानवते. बेकरीवाले चाचा किलोवर मजुरी घ्यायचे आणि पातेल्यावर नावाची चिठ्ठी लावायचे. रांगेतला खरा कार्यक्रम म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावणं. ‘वनस्पती तूप आहे हो, वासच सांगतो’ हे अर्थात पातेलेवाली निघून गेल्यावर. कधी चिठ्ठ्यांची अदलाबदल व्हायची आणि भलत्याच घरची नानकटाई डब्यात यायची. ती आपल्यापेक्षा बरी निघाली तर कुणी तक्रारीला जात नसे.

लाकडाच्या भट्ट्या आता कमी होत चालल्यात. 2025च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यावर गळा काढावा असं मला वाटत नाही. भट्टीच्या चवीबद्दल हळवे होणारे बहुतेक लोक त्या धुराड्यापासून चार गल्ल्या लांब राहत होते.

शिवाय आता ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, ओट्यावरच आहे. पण त्याने सोय केली ती भाजण्याची. तूप फेसायला अजून तळहातच लागतो, आणि हे काम घरातल्या सर्वांत रिकाम्या माणसाकडे म्हणजे माझ्याकडे येतं. परातीत थिजलेलं, रवाळ तूप घ्यायचं आणि तळव्याने गोल गोल घासत राहायचं. पिवळसर तूप आधी ढिलं पडतं, मग पांढरं व्हायला लागतं, हाताला हलकं लागतं. आई त्यातलं बोटभर उचलून बघते. पांढरं, हलकं असेल तर हवा भरली, नसेल तर ‘घास अजून’. मग पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, वेलची-जायफळ, चिमटीभर सोडा. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप काही केल्या थिजत नाही, म्हणून ते आधी फ्रीजमध्ये जातं. नाहीतर गोळे ट्रेमध्ये पसरतात, एकमेकांना चिकटतात आणि ट्रेच्या मापाची एकच चौकोनी नानकटाई हाती येते.

170 अंशांवर साधारण वीस मिनिटं. मागच्या बाजूला आच जास्त लागते, त्यामुळे अर्ध्यात ट्रे फिरवायचा. बाहेर काढलेली नानकटाई मऊच असते. घरात त्या वर्षी जो कुणी नवा माणूस असेल तो हमखास म्हणतो, ‘कच्ची राहिली वाटतं.’ हात लावू द्यायचा नाही. गार होताना तूप पुन्हा आळतं आणि मग ती खुसखुशीत होते. तेवढा वेळ लोकांना लांब ठेवणं भाजण्यापेक्षा अवघड.

माझी ओव्हनबद्दलची कुरकुर वेगळी आहे, आणि ती मापाची आहे. किलोभर मैद्याला अर्ध्या किलोच्या वर तूप आणि जवळपास तेवढीच साखर घातली की 80-85 नानकटाया होतात. आमच्या ट्रेमध्ये मावतात 12. म्हणजे सात खेपा, दोन-अडीच तास ओव्हनपाशी उभं राहणं. भट्टीच्या मोठ्या पत्र्यांवर हे एका दमात उरकायचं, म्हणून लोक दोन-तीन किलोंचं पीठ बिनदिक्कत मळायचे. डबा गळ्यापर्यंत भरायचा आणि हात घालून येईल तेवढं ताटात पडायचं. आता प्रत्येक नानकटाई आपल्या डोळ्यांसमोर फुगलेली असते, तिच्यावरचा पिस्त्याचा काप आपण स्वतः चिकटवलेला असतो, आणि देताना जीव थोडा थोडा होतो. शेजारी सहा, काकूंकडे आठ, ऑफिसात नेल्या तर कोणत्या मजल्यापर्यंत, अशी यादी होते. घोडबंदरला राहणाऱ्या मावशीकडे डबा पाठवायचा तर तिथल्या ट्रॅफिकमध्ये नेणाराच दोन संपवतो, म्हणून त्या दोन जास्तीच्या धरायच्या. चिवड्याचा असा हिशेब कुणी केलेला मी पाहिला नाही.

या यादीत शेजारच्या आंटींचं नाव वरचं. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जाणाऱ्या. नाताळात त्यांच्या स्वयंपाकघरातही बरंचसं तळणीतलंच असतं. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून, वळवून केलेले कलकल, आणि न्यूऱ्या, ज्यांना माझी आई त्यांच्या तोंडावर करंज्याच म्हणते. पूर्वी त्यांचंही एकच काहीतरी घराबाहेर भाजायला जायचं, तो म्हणजे केक. रममध्ये कधीपासून मुरवलेले बेदाणे घातलेलं पीठ ट्रेमध्ये ओतून त्या बेकरीत न्यायच्या. बेकरी तीच, चाचा तेच. फक्त आमची रांग दिवाळीच्या आधी, त्यांची नाताळच्या.

डबा रिकामा परत करायचा नाही हा नियम दोन्ही घरांत पाळला जातो. दिवाळीला आमचा डबा जातो तो नाताळात कलकल घेऊन येतो, त्यांचा डबा संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन परत जातो. डबे स्टीलचे, भांड्यांच्या दुकानात नाव घातलेले. त्यातल्या एकावर ‘चि. सौ. कां.’ एवढंच वाचता येतं, पुढचं घासून घासून पुसलंय. तो आमचा नाही हे आईला पक्कं ठाऊक आहे, आणि आपला नाही हे आंटींना. यंदा संक्रांतीला वड्या दिल्यावर आंटी म्हणाल्या, हा तुमचाच डबा आहे, आता ठेवून घ्या. आई म्हणाली, तुम्ही आधी परत तर करा. तो परत आला, आत कोळंबीचं लोणचं होतं. आमच्याकडे कोळंबी कुणी खात नाही, पण डबा काही रिकामा नव्हता, त्यामुळे आई बोलूही शकली नाही.