हिरवा दिवा दिला नाही तेव्हा

मी इंग्लंडमध्ये नाटकांची डीएसएम आहे, म्हणजे डेप्युटी स्टेज मॅनेजर. आपल्याकडे लाइटवाला, म्युझिकवाला स्वतः नाटक ऐकत ऐकत क्यू, म्हणजे बदलाचा इशारा, घेतात, इथे मी हेडसेटवर 'गो' म्हटल्याशिवाय एक दिवा हलत नाही. जिथे बोलता येत नाही तिथे क्यू-लाइट, लाल लागला की तयार राहायचं, हिरवा लागला की सुरू.

तेव्हा आमचा 'ड्रॅक्युला'चा दौरा चालू होता. काउंट, म्हणजे रक्त पिणारा व्हॅम्पायर ड्रॅक्युला, रंगमंचावर आणला तो हॅमिल्टन डीन नावाच्या आयरिश नटाने, 1924 साली डर्बीच्या ग्रँड थिएटरात, आणि 1927 मध्ये नाटक लंडनला आलं. समीक्षकांनी नाकं मुरडली पण लोकांनी गर्दी केली, कोणी बेशुद्ध पडलं तर म्हणून थिएटरात नर्स ठेवायचे. ड्रॅक्युलाची ती उंच उभी कॉलर सगळ्यांना माहीत असते, पण ती कशासाठी आली ते फार कमी जणांना ठाऊक असतं. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, कॉलरमागे डोकं दिसत नाही, बाकीचे त्याला धरतात, तो झग्यातून निसटून ट्रॅपमधून, म्हणजे रंगमंचाच्या जमिनीतल्या उघडणाऱ्या फळीतून, खाली जातो आणि त्यांच्या हातात नुसता रिकामा झगा राहतो. ट्रॅपची युक्ती तर त्याहून जुनी, 1820 मध्ये लंडनच्या लायसियममध्ये व्हॅम्पायरच्या एका नाटकासाठी दोन स्प्रिंगच्या झडपा केल्या होत्या, तिला अजून 'व्हॅम्पायर ट्रॅप'च म्हणतात. आमचा ट्रॅप साधा, बोल्टवर चालणारा. खाली जाड गादी, शेजारी एक मुलगा, आणि नियम एकच: त्याने हेडसेटवर 'क्लिअर' म्हटल्याशिवाय मी हिरवा द्यायचा नाही.

त्या रात्री काउंट पाठ करून उभा राहिला, दोघांनी त्याला धरलं आणि 'क्लिअर' आलंच नाही. मी विचारलं, तर खालून एवढंच, "होल्ड." गादी सरकली होती आणि तो ती एकटा ओढत होता. लाइटवाल्याला थांबवलं, साउंडला थांबवलं. माझं बोट स्विचवर, डोळे मॉनिटरवर.

वर नटाला काहीच माहीत नाही, फक्त पायाखालची फळी अजून घट्ट आहे एवढंच त्याला कळतंय. दुसरा कोणी असता तर उगाच झटापट वाढवली असती. हा हललाच नाही. मग एक खांदा, अगदी सावकाश, वर आला, बस. धरणाऱ्या दोघांपैकी एकाचा हात आपोआप सुटला, तो अभिनय नव्हता, तो खरंच दचकला होता. सभागृहात खोकलासुद्धा नाही. मग 'क्लिअर', हिरवा, आणि झगा रिकामा.

शो संपल्यावर स्टेज डोअरपाशी गॉथिक, म्हणजे भुताखेतांच्या गूढ नाटकांची वेडी असलेली काही मंडळी थांबली होती. एक आजोबा मला म्हणाले की त्या खांद्याला हॅमिल्टन डीन अवॉर्ड मिळायला हवं. लंडनची ड्रॅक्युला सोसायटी हे देते, 1973 मध्ये चाहत्यांनीच काढलेली संस्था, गॉथिक भयनाट्यातल्या कामासाठी, आणि नाव त्या डीनचंच. मोठ्या अवॉर्डांच्या लोकांना भुताखेतांची नाटकं म्हणजे पोरखेळ वाटतो, ते नटाचा आवाज बघतात, रडणं बघतात. ही माणसं एका खांद्याचं नाव काढतात! मला तेव्हा फार भरून आलं.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दिग्दर्शकाने दुसऱ्याच दिवशी तो पॉज माझ्या प्रॉम्प्ट बुकात, म्हणजे सगळे क्यू लिहिलेल्या संहितेत, लिहायला लावला, आठ सेकंद, रोज. मी रोज इमानदारीत आठ सेकंद दिले आणि रोज ते मेलेले होते, कारण आता फळी उघडणार हे नटाला माहीत होतं, धरणाऱ्यांना माहीत होतं, मलाही. आठवड्याभराने तो काढला. मग त्या रात्रीचं काम नक्की कोणाचं? नटाचंच, यात मला शंका नाही, न कळता उभं राहायची हिंमत त्याची. पण खालच्या मुलाने घाबरून उगाच 'क्लिअर' म्हटलं असतं तर खांदा उठलाच नसता, कदाचित नटाचा पाय मोडला असता.

कंपनीच्या ऑफिसातून मात्र मेल आला, उशीर का झाला, जबाबदार कोण. वर काय घडलं, त्याची एका ओळीची चौकशी नाही. मी उत्तरात गादीचं सगळं लिहिलं, पुढच्या गावापासून खाली दुसरा माणूस मागितला, आणि मुलाच्या नावापुढे लिहिलं: निर्णय बरोबर. दुसरा माणूस अजून मिळालेला नाही.