एका पावसावर पेरायचं नसतं

दिवाळीला गावी, औसा तालुक्यात गेलो तेव्हा पिशवीत ५४ पत्ते होते. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून स्केचपेननं रंगवलेले. खेळाचं नाव 'खरीप'. सोयाबीन, तूर, कापूस पेरायचा, पाऊस आला की पीक वाढवायचं, आडतीवर विकून गुण घ्यायचे.

पहिला डाव ओसरीवर मोठे काका, चुलत बहीण, शेजारचा पोरगा आणि मी असा बसला. अर्ध्या तासात अडला. पावसाचे १२ पत्ते गड्डीत सरसकट पिसलेले. पहिल्या २० पत्त्यांत एकच निघाला, पुढं सलग चार. पुन्हा पिसलं, पुन्हा तसंच. मग नऊ-नऊ पत्त्यांचे सहा ढीग केले: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. प्रत्येकात दोन पाऊस घालून ढीग वेगळा पिसायचा आणि एकावर एक रचायचे. अडणं थांबलं, पण बहीण पत्ते मोजायला लागली. दोन पाऊस निघाले की त्या नक्षत्रातले बाकीचे कोरडे, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून मृग सोडून उरलेल्या पाचांत एक ढीग पूर्ण कोरडा केला, एकात चार पाऊस घातले आणि पाचांची जागा न बघता बदलायची असं ठरवलं. आता खंड कधी पडणार ते कुणालाच कळत नाही.

खरी दुरुस्ती काकांची. पहिला पाऊस निघाला की पेरा, असा माझा नियम होता. काकांनी पत्ता खाली ठेवला. "एका पावसावर कुठं पेरतेत का रे? वल खाली जाऊ दे की." कृषी खातंही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हेच सांगतं. शेतकऱ्याच्या घरात वाढून मला ते सुचलं नव्हतं. नवा नियम: एका पावसावर पेरता येतं, पण पुढच्या फेरीत दुसरा आला नाही तर बियाणं गेलं, दुबार पेरणी. तेव्हापासून माणसं पत्ता हातात धरून थांबायला लागली, एकमेकांची तोंडं बघायला लागली. मला हवा होता तो खेळ हाच.

तरी दहापैकी आठ डाव सोयाबीनवालाच जिंकायचा. ते तीन फेऱ्यांत हाती येतं, तुरीला पाच लागतात. तुरीचे गुण वाढवले तर सगळे तूरच धरायला लागले. शेवटी गुण सोडून भाव हलता केला: सोयाबीन कुणीही विकलं की भावाच्या पट्टीवरचा हरभऱ्याचा दाणा एक घर खाली. आवक वाढली की भाव पडतो, हे लातूरकडच्या माणसाला समजवावं लागत नाही.

तोवर प्रत्येक डावात नियम मीच सांगत होतो. एकदा ते कागदावर लिहून बहिणीच्या मैत्रिणींना दिले आणि वही घेऊन कोपऱ्यात गप्प बसलो. फार जड गेलं. 'फेरी' म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, हे मी लिहिलंच नव्हतं. त्यांनी एका पाळीलाच फेरी धरलं आणि तूर भराभर पिकवली. ते वाक्य त्याच रात्री बदललं. कापूस मात्र त्या दिवशी एकीनंही पेरला नाही. पुढच्या सुट्टीत त्याच्यावर बसायचंय.