रुमालात बांधलेला मुलूख

पुणे स्टेशनवरून रिक्षा केली की कौन्सिल हॉलजवळचं पुराभिलेखागार फार लांब नाही. 1891 सालची दगडी इमारत. आपण सगळे याला पेशवे दफ्तर म्हणतो. शनिवारवाड्यावर तिकिटाला रांग असते, इथे अभ्यासकांशिवाय फारसं कुणी फिरकत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. वाड्याचे लाकडी महाल जळून गेले, पण तिथून चाललेला कारभार इथल्या मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कोट्यवधी कागदांत अजून आहे.

शेजारच्या टेबलावर एका अभ्यासकांनी रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडलं. हातकागदाच्या कडा तपकिरी पडलेल्या, शाई मात्र काळीभोर. आधी आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं त्यांना लटकवत जायची, ही मोडीची रीत. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं, ‘सबा अर्बैन मया व अलफ’. म्हणजे 1147 हे शुहूर सन, त्या काळच्या कागदांतली कालगणना; आपलं इसवी सन 1746-47. नानासाहेब पेशव्यांचा काळ! खाली घोड्यांचा दाणा, देवाचं तेल, कुणाचा तरी पगार, असा दिवसाचा जमाखर्च. लढायांच्या पत्रांपेक्षा मला हा जमाखर्चच जास्त मोलाचा वाटतो. ज्यांची बखर कुणी लिहिली नाही, ती माणसं इथे नावानिशी सापडतात.

1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं दफ्तर ताब्यात घेतलं, पुढे 1852 पासून इनाम कमिशननं इनामं, म्हणजे सारामाफीच्या जमिनी वगैरे, तपासायला हेच कागद उपसले. जपणुकीमागे महसुलाचा हिशेब होता, पण कागद शाबूत राहिले हे आपलं नशीब. रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापून आणले. एवढं करूनही तो साठ्याचा अगदी लहानसा भाग.

बाकीचं वाचणार कोण? 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणारी माणसं किती थोडी उरलीत ते सगळ्यांनाच कळलं. शाळा-कॉलेजांतून मोडीचे वर्ग नेमाने चालायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या गावाचं काही शोधायचं असेल तर निघण्याआधी त्याचा जुना परगणा आणि तर्फ, म्हणजे त्या काळचे महसुली विभाग, माहीत करून घ्या. त्या काळचे कागद आजच्या जिल्हा-तालुक्याच्या नावाने सापडायचे नाहीत.