गणिताच्या तासाला मोंढ्याची पट्टी

आपल्या शाळेत मी शिकत होतो. सातवीला शेकडेवारी सुरू झाली, तेव्हा सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं नाही. "उद्या घरून मोंढ्याची पट्टी आणा," एवढंच म्हणाले. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार आणि पट्टी म्हणजे तिथं माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद. तुरी-हरभऱ्याच्या सुगीचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी खिशाखिशातून चुरगळलेल्या पट्ट्या निघाल्या. ज्यांच्या घरी शेती नव्हती त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून सरांनी गटामागं एकच पट्टी ठेवली.

माल किती क्विंटल, भाव काय, अडत म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाचं कमिशन, हमाली, तोलाई किती कापली, हाती काय आलं, हे आम्ही वाचत होतो. "अडत कशावर लागते?" सरांनी विचारलं आणि ते थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी वडिलांसोबत मोंढ्यात जाणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. म्हणाली, "अडत पैशावर असती सर, हमाली पोत्यावर." सरांनी खडू तिच्या हातात दिला. भाव वाढला की अडतीची रक्कम वाढते, हमाली तेवढीच राहते, हे तिनं फळ्यावर मांडून दाखवलं. टक्केवारी मला त्या दिवशी कळली.

आज मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शाळेबाहेरच्या जगण्याशी शिक्षणाची सांगड घालायला सांगितलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून शिकणं आलं. पुढं ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मुलानं आपलं ज्ञान स्वतः घडवावं या विचाराच्या, नावानं वर्गांच्या फरश्या रंगल्या. रंग चांगलाच आहे, मुलं त्यावर रमतात. पण खरं काम प्रश्न विचारून थांबण्यात आहे आणि त्यासाठी व्याख्यानापेक्षा दुप्पट तयारी लागते. सरांनी त्या पट्ट्या आधी स्वतः तपासल्या असणार, हे मला शिक्षक झाल्यावर उमगलं.

माझ्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना पुस्तकाच्या चालू पानावर बसवून काय होणार? त्यांना उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, माहीत असते, टनामागची मजुरी माहीत असते. मी तिथूनच गुणाकार-भागाकार सुरू करतो.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ती चालवणाऱ्या संस्थेकडं एकच मागणं आहे. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागं एक शिक्षक हे कायद्यातलं प्रमाण आपल्या शाळेत कसोशीनं पाळलं जावं. साठ मुलांच्या वर्गात एका मुलीच्या उत्तरासाठी थांबणं कुणालाच जमणार नाही.